ज्याचा हात, त्याचं कुलूप

‘काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या कानाखाली एकदा आवाज काढावा, असं मला हल्ली फार वाटतं. मुंबईत हे तीन शब्द दिवसातून किती वेळा ऐकू येतात, ते जरा कान देऊन बघा. प्लगची तिसरी पिन मोडून फेकतात, काही होत नाही. सॉकेटच्या वरच्या भोकात पेनची रिफिल खुपसून चार्जर बसवतात, काही होत नाही. मीटरच्या खोलीत बादल्या, झाडू आणि गणपतीचं मखर रचून ठेवतात, काही होत नाही. आणि एक दिवस होतं, तेव्हा हीच माणसं तोंड वर करून विचारतात, असं कसं झालं हो?

चेतना साळवेची गोष्ट सांगताना मला राग येणार आहे आणि तो मी आवरणार नाहीये. ती चांगली धडधाकट आहे. तिच्यामुळे माझे बाबाही धडधाकट आहेत. नेमक्या याच गुन्ह्यासाठी तिला जाब द्यावा लागला.

मी श्रुतिका परब. मुलुंडला एलबीएस रोडवर एक काचेची इमारत आहे, तिच्या हेल्पडेस्कवर मी बसते. एसी बंद पडला, लिफ्ट अडकली, नळाला पाणी नाही, की ऑफिसांमधले लोक माझ्यावर ओरडतात, त्याचा मला पगार मिळतो. माझे बाबा धाकू परब त्याच इमारतीत वायरमन आहेत. आजोबा गिरणीत होते, गिरणी गेली, तेव्हा बाबांनी आयटीआय करून हातात पकड घेतली ती आजतागायत. त्यांनीच मला इथे चिकटवलं. चेतना आमच्या इमारतीची इलेक्ट्रिकल इंजिनिअर, म्हणजे बाबांची साहेब.

ती घाटकोपरच्या डोंगरउतारावर वाढली. वडील कुंडलिक जालन्याकडून आलेले, आई मीरा शाळेत आया. आधी डिप्लोमा, मग अंधेरीच्या एका कॉलेजात डिग्री. वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मशीन लॅबमध्ये मुलांनी जोडण्या करायच्या आणि मुलींनी वहीत रीडिंग उतरवायची अशी वाटणी होती. ती कुणी ठरवली नव्हती, पण सगळे पाळत होते. चेतनाने पहिल्याच आठवड्यात पान्यावर हात टाकला. एक मुलगा म्हणाला, “तू लिही ना, तुझं अक्षर छान आहे.” ती म्हणाली, “अक्षर शाळेतच सुधारलं माझं. सरक बाजूला.” कोट्यातून आलीस म्हणून ऐकवणारे तर तिन्ही वर्षं होते. त्यांना ती उत्तर द्यायची नाही, पण विसरलीही नाही. नावांसकट तिला पाठ आहेत.

त्या वर्गात सुयोग होता. तोच सुयोग आज आमच्या इमारतीचा फॅसिलिटी मॅनेजर आहे. दोघांनी तेच पेपर लिहिले आणि त्याच मास्तरांकडून तेच धडे घेतले, हे ध्यानात ठेवा. माझा निम्मा राग त्या एका गोष्टीचा आहे. अडाण्याला माफी असते.

आमच्याकडच्या इंटरव्ह्यूत चेतनाला कुणीतरी विचारलं होतं, “पॅनलमध्ये हात घालायची वेळ आली तर? लेडीज आहात, भीती नाही वाटणार?” ती म्हणाली, “वाटेल. म्हणून बंद करून घालीन.” सगळे हसले आणि तिला घेतलं. विनोद नव्हता तो.

आल्या आल्या तिने दोन नियम लावले. पहिला कुलपाचा. गच्चीवरच्या एसीच्या पॅनलला वीज जाते ती तळघरातल्या ब्रेकरमधून. माणूस वर काम करत असताना खाली कुणी ब्रेकर चालू केला तर खेळ खलास. म्हणून काम सुरू करण्याआधी ब्रेकर पाडायचा, दांड्याला कुलूप घालायचं, त्यावर स्वतःचा फोटो असलेली लाल पाटी अडकवायची आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. दोघं काम करणार असतील तर दोन कुलपं. ती पाढे म्हटल्यासारखी म्हणायची, “ज्याचा हात, त्याचं कुलूप, त्याचीच चावी.” साहेबालासुद्धा दुसऱ्याचं कुलूप काढायचा हक्क नाही.

दुसरा नियम वायरचा. हिरव्या आवरणाची जाड तांब्याची वायर, टोकांना चिमटे. एक टोक जमिनीत गेलेल्या पट्टीला लावायचं आणि मग बाकीची टोकं पॅनलमधल्या विजेच्या पट्ट्यांना. एवढं करूनही कुणी मूर्खाने खालून वीज सोडलीच, तर ती माणसात न शिरता वायरमधून जमिनीत जाते. मोठा शॉर्ट होतो, ब्रेकर धाडकन पडतो, माणूस वाचतो. थोडक्यात, ही वायर मुद्दाम शॉर्ट करायलाच लावलेली असते. “आधी जमीन, मग पट्टी,” हेही ती म्हणून घ्यायची. उलट क्रमाने लावली आणि पट्टीत वीज शिल्लक असली, तर लावणाराच जायचा.

बाबा सुरुवातीला कुरकुरले. पण चेतना ज्या रविवारी आमच्या भांडुपच्या घरी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं कालवण खायला आली, त्या दिवशी त्यांचं तोंड बंद झालं. ती आत आली, फ्रिजच्या प्लगकडे पाहिलं आणि चप्पल काढायच्या आधी प्लग उपटला. तिसरी पिन मोडलेली होती. वायरमनच्या घरात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आई म्हणाली, “गो बाय, आत बांगडे आसत!” चेतना म्हणाली, “काकू, बांगडे परत मिळतील.” बाबा मुकाट्याने खाली गेले, तीन पिनांचा प्लग आणला, अर्थिंग ओढलं, तपासलं, मग ती जेवायला बसली. शेजारच्या लताकाकूंनी त्या दिवसापासून चेतना दिसली की दार लोटून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या मिक्सरची पिनही मोडकी होती.

अशी ती. गोड बोलणं तिला जमत नाही. कुणाच्या टेबलाखाली एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडलेलं दिसलं की ती आधी ते काढते आणि मग कारण सांगते. लोकांना तिचा राग येतो. मला तिच्या त्या खाक्याचा आधार वाटायचा, कारण माझा बाप रोज त्या पट्ट्यांमध्ये हात घालत होता.

आता खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. आमच्याकडे तळघरातल्या मोठ्या पॅनलची होते. ब्रेकरच्या दांड्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, समोर बाबांची पकड, पाने, टेस्टर मांडलेले. नारळ बाबा फोडतात. पूर्वी तो पॅनलसमोरच फोडत आणि पाणी आत शिंपडत. चेतनाने सांगितलं, “काका, नारळ उंबऱ्याबाहेर. देवाला चालतं, पॅनलला नाही.” बाबांना पटलं. तिने पूजेला कधी नाही म्हटलं नाही. ती स्वतः हात जोडत नसे, बाजूला उभी राही, आणि वाटलेलं खोबरं सगळ्यांबरोबर खाई. पूजा आटोपली की इमारतीच्या मालकांच्या, म्हणजे शेठच्या हातून एक ब्रेकर चालू करायचा, टाळ्या वाजवायच्या, हा दरवर्षीचा रिवाज. आदल्या मिनिटाला बाबा तो पाडून ठेवत.

गेल्या खंडेनवमीच्या सकाळी गच्चीवरच्या पॅनलमधून जळकट वास आला. आत येणाऱ्या केबलचा एक सांधा तापून काळा पडला होता. चेतना म्हणाली, आजच उघडून घासून घट्ट करायचा, नाहीतर पेटेल. सुयोग म्हणाला, “आज पूजा आहे, शेठ येणारेत, परवा कर.” ती म्हणाली, “सांध्याला पंचांग कळत नाही.” तिने खाली ब्रेकर पाडला, तिचं एक आणि बाबांचं एक अशी दोन कुलपं घातली, बाबांच्या फोटोची लाल पाटी अडकवली आणि हिरवी वायर घेऊन दोघं वर गेले.

मी पूजेच्या ताटाची मानकरी. पैठणी नेसून तळघरात उभी. शेठ यायच्या आधी सुयोगने माझ्यासमोर चेतनाला फोन लावला.

“झालं का तुमचं? शेठच्या हाताने चालू करायचाय ना.”

तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. “दुसरा ब्रेकर घे. इथे अजून वेळ आहे.”

“अगं, दुसऱ्यावर ऑफिसं आहेत, कॉम्प्युटर बंद होतील. हाच मोकळा आहे.”

“मोकळा नाहीये, त्यावर माणूस आहे. काम संपलं की आम्ही दोघं खाली येऊन आपापलं कुलूप काढू.” आणि तिने फोन ठेवला.

सुयोग हसला आणि मला म्हणाला, “जा, वरून शेठना घेऊन ये.” मी गेले. शेठना घेऊन परत आले तेव्हा सगळ्या दांड्यांवर झेंडूच्या भरगच्च माळा चढल्या होत्या. फुलांखाली काय आहे, काय नाही, दिसत नव्हतं. गुरुजींनी मंत्र म्हटले, मी ओवाळलं. नारळ सुयोगने फोडला. शेठनी टोपी सरळ केली आणि सुयोगने बोट दाखवलं त्या दांड्याला हात घातला. माळ बाजूला सरकली. मला दांडा दिसला, त्यावरचं लिहिलेलं दिसलं, कुलपाची जागा मोकळी दिसली.

मी ओरडले, “अहो, हा गच्चीचा! बाबा वर आहेत!” माझ्या हातातलं ताट पडलं. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

धाड असा आवाज आला की छातीत बसला. ठिणगी, धूर, काळोख. शेठ मागे कोलमडले. मी जिन्याकडे धावले. लिफ्ट बंद होती. पैठणी गुडघ्यापर्यंत धरून मी ते जिने चढले, आणि प्रत्येक वळणावर मला एकच कळत होतं की बापाला आपण मेलेलं बघणार आहोत. तेवढ्या वेळात मी सुयोगला ज्या शिव्या दिल्या, त्या मला येत होत्या हेही मला माहीत नव्हतं.

बाबा गच्चीवर टाक्यांच्या सावलीत फतकल मारून बसले होते. भुवया जळलेल्या, तोंड काळं, हातातला पाना तसाच. चेतना त्यांच्या समोर उकिडवी बसून ओरडत होती, “बोटं हलवा! एकेक हलवा! माझ्याकडे बघा काका!” बाबांना ऐकू येत नव्हतं, कानठळ्या बसल्या होत्या, पण त्यांनी बोटं हलवली. सगळी. हिरव्या वायरचं आवरण वितळून खाली टपटपलं होतं, आणि एका चिमट्याजवळ तांब्याचे मणी झाले होते. वीज आली होती, आणि ती माझ्या बापाला वळसा घालून त्या वायरीतून गेली होती. मी तिथेच बसून भोकाड पसरलं. चेतना रडली नाही. तिने बाबांना माझ्या ताब्यात दिलं, दवाखान्यात न्यायला सांगितलं आणि खाली निघून गेली.

खालचं मला नंतर सिक्युरिटीच्या शीतलने सांगितलं. चेतनाने कुणाशी न बोलता फुलांची टोपली उपडी केली. देठ आणि पानांच्या खाली दोन कापलेली कुलपं निघाली, आणि दुमडलेली लाल पाटी, बाबांच्या फोटोसकट. आगीच्या वेळी वापरायचा मोठा कटर तिथेच भिंतीला टेकवलेला होता. तिने कुलपं सुयोगच्या पुढ्यात धरली.

“मला वाटलं वरचा स्विच तुम्ही पाडला असेल,” सुयोग म्हणाला. “मग खालून चालू केलं तरी काही होत नाही.”

“आम्ही स्विचच्या अलीकडे, खालून येणाऱ्या केबलवर काम करत होतो. तुला विचारायचं होतं. वाटलं काय? वाटतं म्हणजे तपासलेलं नसतं, हे आपल्याला एकाच वर्गात शिकवलंय. तूही तोच पेपर लिहिला होतास.”

माझ्या मते गोष्ट इथे संपायला हवी होती. कुलूप कापणाऱ्याला पोलिसांत द्यायचं, वायर लावणारीची पाठ थोपटायची. पण आपल्याकडे तसं होत नाही. दसऱ्याची सुट्टी संपायच्या आत इमारतभर बातमी फिरली होती की चेतना मॅडमच्या वायरमुळे शॉर्ट झाला, ब्रेकर जळला आणि पूजेत, शेठच्या हाताखाली धमाका झाला. अपशकुन झाला. त्या ‘वायरमुळे’ शब्दाने माझं डोकं फिरलं. कारण ते खोटं नव्हतं. शॉर्ट वायरमुळेच झाला होता. वायर नसती तर शॉर्ट झालाच नसता. ब्रेकर शाबूत राहिला असता, टाळ्या झाल्या असत्या, पेढे वाटले असते, आणि जरा वेळाने कुणीतरी गच्चीवर जाऊन धाकू परबाला हाक मारली असती.

शेठनी मीटिंग बोलावली. सुयोगने आदल्या दिवशी बाबांना केबिनमध्ये घेतलं. तोही कोकणातला, बाबांच्या शेजारच्या गावचा. ‘आपला पोरगा साहेब झालाय’ म्हणून बाबा चारचौघांत छाती फुगवायचे. त्याने बाबांना सांगितलं, “काका, तुम्ही फक्त एवढंच म्हणा की काम झालं होतं आणि वायर काढायची राहिली. चुकी तिची जाते, तुमची नाही. तुमच्या घरात दोन पगार इथूनच येतात, जरा विचार करा.” बाबांनी घरी येऊन हे आम्हाला सांगितलं आणि जेवले नाहीत. मी म्हटलं, “तुम्ही तिथल्या तिथे त्याला काही बोलला नाहीत?” ते अंथरुणावर जाऊन आडवे झाले. त्या दिवशी मला बाबांचाही राग आला.

मीटिंगमध्ये मी पाणी द्यायच्या निमित्ताने घुसले आणि बाहेर गेलेच नाही. चेतना सरळ बसली होती. सगळ्यांना ठाऊक होतं की आज तिने चूक मान्य केली तर माफी मागून सुटेल, नाहीतर नोकरी जाईल. मला यातलं पुढचंही ठाऊक होतं. तिने चूक मान्य केली, तर वायर ही चूक ठरेल, आणि उद्यापासून बाबा वायर न लावताच हात घालतील.

सुयोग म्हणाला, “कसं आहे शेठ, मॅडमना पूजेचं तितकं महत्त्व वाटत नाही. त्यांच्यात नसतं ना ते.”

चेतना म्हणाली, “आमच्यात पूजा नसते, बरोबर आहे. पण कामावरून जिवंत घरी जायची पद्धत आहे. तुमच्यातही असेल असं मी धरून चालले होते.”

“विषयावर या,” शेठ म्हणाले. “शॉर्ट कशामुळे झाला? एका शब्दात सांगा.”

“माझ्या वायरमुळे,” चेतना म्हणाली. “ती मी मुद्दाम...”

“बस्स,” सुयोग म्हणाला. “मान्य केलं त्यांनी. शेठ, ऐकलंत ना?”

“पुरतं ऐका तरी! वीज आलीच तर...”

“टेक्निकल नको आता,” शेठ घड्याळ बघत म्हणाले.

तेव्हा बाबा बोलले. त्यांना तोवर एका कानाने ऐकू यायला लागलं होतं. साहेबांसमोर ते कधी मालवणी बोलत नाहीत. “शेठ, मी वर मेलो असतंय तर तुमचो ब्रेकर वाचलो असतो. तां बरां झालां असतां काय? काम झाला नव्हता. हात माझो आत होतो. कुलूप माझा ह्येनी कापल्यान.” आणि त्यांनी सुयोगकडे बोट केलं. शेजारच्या गावच्या पोराकडे.

शेठना सगळं कळलं. ते काही बावळट नाहीत. त्यांनी सुयोगकडे बघितलं, चेतनाकडे बघितलं, आणि त्यांना जे सोयीचं होतं ते केलं. दांड्यावर शेवटचा हात त्यांचाच होता ना. कुलूप कापलं हे कागदावर आलं असतं तर तो हातही आला असता. चेतनाचा करार संपला, तो पुढे वाढवला नाही. काढलं असं कुणीच म्हणालं नाही. बाबांना मात्र हात लावला नाही. बाहेर जाऊन तोंड उघडणारा माणूस परवडत नाही, म्हणून त्यांना आत ठेवलं. सुयोगने दोन नवीन हुकूम काढले. सगळ्या कुलपांच्या चाव्या त्याच्या केबिनमध्ये राहणार. आणि ती हिरवी वायर त्याच्या परवानगीशिवाय लावायची नाही, कारण तिने शॉर्ट होतो.

बाबांनी जळलेली वायर घरी आणली आणि देव्हाऱ्याच्या शेजारी ठेवली. रोज तिला हळदकुंकू वाहायला लागले. आईही फूल ठेवायची. चेतना दिवाळीच्या आधी आमच्याकडे आली. भांडुपलाच एका छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रान्सफॉर्मर तपासायचं काम तिने धरलं होतं. मला वाटलं, ती वायर बघून तिला भरून येईल. तिने बघितली आणि ती भडकली.

“काका, हे काय लावलंय? ही जळलीय. बाद झालीय. पुजून काय होणारेय?”

“गो बाय, तिनां माका वाचवल्यान...”

“तिने नाही, ती लावलेली होती म्हणून वाचलात. आता तिथे नवी आहे का?”

बाबा म्हणाले, “लावूक देत नाय आता. तो सांधो अजून तसोच आसा. ब्रेकर नवो आलो. सोमवारी वर जाऊन घट्ट करूक सांगितल्यान.”

चेतना उठून उभी राहिली. मला वाटलं ती आता देव्हाऱ्यावरून वायर उचलून फेकते की काय. तिने फेकली नाही. तिने पिशवीतून नवी वायर काढली, हिरवी, चिमट्यांसकट, आणि एक नवं कुलूप. वायर तिने स्वतः बनवली होती. ती आलीच होती त्यासाठी. “पूजा करायची तर करा,” ती म्हणाली, “पण लावल्याशिवाय हात घातलात, तर मी तुमच्या घरचं पाणी पिणार नाही.” आणि पाणी न पिताच निघून गेली.

सोमवारी सकाळी माझ्या डेस्कवरचा फोन वाजला. सुयोग गच्चीवरून बोलत होता. “तुझ्या बापाला समजव. काम करत नाहीये.”

मी वर गेले. पॅनलचं दार उघडं होतं. बाबा उलट्या बादलीवर बसले होते, मांडीवर हिरवी वायर. खाली ब्रेकरला त्यांनी स्वतःचं कुलूप घातलं होतं आणि चावी गळ्यातल्या माळेत ओवली होती.

“एका बोल्टचं काम आहे,” सुयोग म्हणाला. “ब्रेकर खाली बंद आहे, मी स्वतः बघून आलोय. काही होत नाही. आणि हे म्हणतात, वायर लावू द्या, नाहीतर हात लावणार नाही. सांग त्यांना.”

मला तेच तीन शब्द ऐकू आले आणि इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं.

“सर, काही होत नाही ना?” मी म्हटलं. “तुम्हीही इलेक्ट्रिकलचेच आहात. डिग्री आहे. पाना बाबांकडे आहे. एकाच बोल्टचं काम आहे. तुम्ही घाला हात.”

बाबांनी बसल्या जागेवरून पाना पुढे केला.

सुयोगने पॅनलकडे पाहिलं. आतल्या पट्ट्या काळ्या पडलेल्या होत्या, मागच्या धमाक्याचे डाग अजून पुसलेले नव्हते. तो पुढे झाला नाही. त्याने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. ते हात त्याने नकळत खिशात घातले होते, आणि ते आम्ही तिघांनीही पाहिलं, त्यानेसुद्धा. तेव्हा मला कळलं की याला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. शिकलेलं एक अक्षर तो विसरला नव्हता. फक्त तो हात त्याचा नव्हता, माझ्या बापाचा होता, म्हणून काही होत नव्हतं.

“लावा काय लावायचं ते,” तो म्हणाला आणि लिफ्टकडे गेला.

बाबांनी वायर उलगडली. काम संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग चेतनाला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, सुयोगचे हात, खिसे, सगळं. मला वाटलं ती हसेल, निदान एक शिवी तरी हासडेल.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुठलं टोक आधी लावलं?”

मी फोन बाबांच्या तोंडाशी धरला.

“आधी जमीन,” बाबा म्हणाले.

“मग ठीक,” ती म्हणाली, आणि ट्रान्सफॉर्मर वाट बघतोय म्हणून फोन ठेवला.